नागपूरहून जर्मनीला शिकायला: आधी कागद, मग युरोप

जर्मनीतलं विंटर सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे नागपूरहून निघणाऱ्यांची गडबड पावसाळ्यातच सुरू होते. घरात एकीकडे चिवडा-चकलीची तयारी, दुसरीकडे बाबांच्या बँकेच्या चकरा, आणि ज्याला जायचंय त्याच्या डोक्यात प्राग, पॅरिस, स्वित्झर्लंड. तो उत्साह हवाच. फक्त पहिल्या आठवड्यांतली कामं एकात एक अडकलेली असतात, हे निघण्याआधीच नीट समजून घ्या. पत्ता नोंदवला नाही तर बँकेचं काम अडतं, बँक अडली की पैसा अडतो, विमा नसेल तर विद्यापीठ प्रवेश पक्का करत नाही, आणि हे सगळं जुळल्याशिवाय रेसिडेन्स परमिट, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, मिळत नाही. क्रम धरून चाललात तर महिना-दीड महिन्यात बहुतेक कामं मार्गी लागतात. फिरायला त्यानंतर दोन वर्षं आहेत.

लेख जर्मनीपुरता आहे. फ्रान्स-इटलीला जाणाऱ्यांना कागदपत्रांचा भाग वेगळा पडेल, शेवटचा फिरण्याचा भाग मात्र त्यांनाही उपयोगी आहे.

निघण्याआधी, नागपुरातच उरकायच्या गोष्टी

एपीएस प्रमाणपत्र (आपले शैक्षणिक कागद खरे असल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), मुंबईच्या वकिलातीचा व्हिसा हे सगळं झालंय असं धरून चालू. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण हा पैसा तुम्ही उतरता त्या दिवशी हातात नसतो. तिथे बँक खातं उघडायचं, ब्लॉक्ड अकाउंट सुरू करून घ्यायचं, मग पहिला हप्ता जमा होतो. यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि नेमका त्याच काळात खर्च सगळ्यात जास्त असतो. घरमालक डिपॉझिट मागतो, कायद्याने ते मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असू शकतं. शिवाय पहिलं भाडं, गादी-उशी, भांडी. म्हणून फॉरेक्स कार्डावर किमान दीड-दोन हजार युरो वेगळे ठेवा, आणि खिशात दोनेकशे युरो रोख, तेही सुट्ट्या नोटांत. आई-बाबांना हे आधीच सांगा. ‘सगळे पैसे तर भरले ना ब्लॉकमध्ये?’ हा प्रश्न ऑक्टोबरात फोनवर येण्यापेक्षा जुलैत जेवणाच्या टेबलावर आलेला बरा.

भारतातलं सिम बंद करू नका. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या आणि घरच्या कुणाला तरी रिचार्जची आठवण ठेवायला सांगा. एज्युकेशन लोनच्या खात्याचा, फॉरेक्स कार्डाचा, सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

दात आणि डोळे इथेच दाखवून या. अक्कलदाढ दुखत असेल तर आत्ताच बघून घ्या. चष्म्याचा खर्च तिथला विमा सहसा देत नाही, म्हणून एक जास्तीचा चष्मा आणि नंबरचा कागद सोबत ठेवा. नेहमीची औषधं असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

आता बॅग. ही गोष्ट मी थोडी लांबवून सांगतो, कारण नागपुरात बॅग भरताना सगळा मोहल्ला मदतीला येतो आणि निम्म्या वस्तू नियमात बसत नाहीत. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे आजीने कढवलेलं तूप, पेढे, खवा, पनीर, सगळं इथेच ठेवायचं. ताज्या फळांनाही रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून संत्री नकोत, आणि ताजा कढीपत्ताही नको. वाळवलेला चालतो. सावजी मसाला, गोडा मसाला, तिखट, हळद, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, पापड, कोरडा चिवडा, हे खुशाल न्या. तिखट मात्र दोन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर फ्रँकफर्टला बॅग उघडल्यावर सगळे कपडे लाल. दहा-दहा किलो डाळ-तांदूळ नेण्यात अर्थ नाही. तूरडाळ, कणीक, बासमती तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं, आणि सांभार (कोथिंबीर), हिरवी मिरची, वांगी, भेंडी तुर्की दुकानांत चांगली मिळतात.

कुकर न्याच, पण बूड बघून न्या. वसतिगृहातल्या शेगड्या विजेच्या असतात. काचेची साधी तापणारी शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकरही चालतो, इंडक्शन असेल तर तो तापतच नाही. आपल्या नशिबात कोणती शेगडी येणार ते इथे बसून कळत नाही, म्हणून स्टीलचा, इंडक्शनला चालणारा तीन लिटरचा कुकर घ्या आणि सोबत एक जास्तीची रिंग व शिट्टी ठेवा. चुंबक लावून बघा, बुडाला चिकटला की काम झालं. वीज तिथेही २३० व्होल्टच असते, फक्त पिनेसाठी साधे ॲडॉप्टर दोन-तीन न्या.

कपड्यांत थर्मल आणि मोजे इथून घ्या, जाड जॅकेट आणि बूट तिथेच. सीताबर्डीत मिळणारं जाड स्वेटर घरात घालायला उत्तम, पण जर्मनीतला गार पाऊस आणि वारा अडवायला वेगळ्या कापडाचं जॅकेट लागतं. ते नोव्हेंबरात घ्यायचंय, सप्टेंबरात नाही.

हातातल्या बॅगेत, म्हणजे विमानात सोबत राहणाऱ्या बॅगेत: पासपोर्ट, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, प्रवासी विम्याचा कागद, राहण्याचा पत्ता, डिग्रीचे मूळ कागद. इमिग्रेशनचा अधिकारी यातलं काहीही मागू शकतो आणि तेव्हा मोठी बॅग पट्ट्यावर फिरत असते. प्रवासी विमा तिथला आरोग्य विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांना पुरेल असा घ्या.

पहिलं काम: पत्ता

घर मिळालेलं नसेल तर आधी स्टुडिरेंडेनवेर्कच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. विद्यार्थ्यांची घरं आणि कँटीन चालवणारी ही संस्था. तिची खोली सगळ्यात स्वस्त पडते, पण यादी लांब असते, म्हणून प्रवेश मिळाला त्याच दिवशी नाव घाला. खासगी खोली शोधताना एक नियम पक्का: खोली पाहिल्याशिवाय, निदान व्हिडिओवर मालकाशी बोलून खात्री पटल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असं कुणी लिहिलं तर ते शंभर टक्के फसवणुकीचं आहे. खोली लांबून ठरत नसेल तर पहिले दहा-पंधरा दिवस होस्टेलमध्ये किंवा एखाद्या सीनियर दादा-ताईकडे काढा. नागपूरचे, अमरावतीचे, अकोल्याचे सीनियर जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यापीठात सापडतात, आणि पहिल्या आठवड्यात ते मनापासून मदत करतात.

भाडं बघताना दोन आकडे असतात: ‘काल्ट’ म्हणजे नुसतं खोलीचं, ‘वार्म’ म्हणजे हीटिंग वगैरे धरून. तुलना नेहमी ‘वार्म’ची करा.

घरात शिरलात की दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा. याला आनमेल्डुंग म्हणतात. सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेला ‘ही व्यक्ती इथे राहते’ असा कागद लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, म्हणून खोली ठरवतानाच मालकाला विचारून घ्या की हा कागद देणार ना. नाही म्हणाला तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडा. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. सकाळी लवकर वेबसाइट उघडलीत तर कुणीतरी रद्द केलेली वेळ सापडते.

यानंतर एक अगदी छोटं काम, जे नवे लोक हमखास विसरतात: पत्रपेटीवर आपलं नाव लावणं. इमारतीच्या दाराशी पत्र्याच्या पेट्यांची रांग असते आणि प्रत्येकीवर आडनावाची पट्टी. पोस्टमन खोली नंबर बघत नाही, आडनाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि जर्मनीत सगळं पत्रानेच येतं: बँकेचं कार्ड, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, रेसिडेन्स परमिटच्या भेटीची तारीख. कागदाच्या कपट्यावर पासपोर्टवर आहे तसंच आडनाव लिहा, सेलोटेपने चिकटवा, दारावरच्या घंटीलाही तेच. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर त्याच्या नावाखाली आपलं. रोज संध्याकाळी पेटी उघडायची सवय लावा. आलेलं प्रत्येक पत्र फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा आणि एका फाइलमध्ये लावा. घर बसल्यावर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्रही येईल, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ते खरं असतं, फेकू नका. एका घरात तिघं राहत असाल तर तिघांत मिळून एकच शुल्क.

मग पुढची साखळी

विमा: तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेतला विमा विद्यार्थी दराने मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. स्वस्त दिसणारा खासगी विमा घेण्याचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे, सरकारी योजनेतलाच घ्या. एकदा त्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येणं जवळपास अशक्य होतं. विमा घेतला की ती कंपनी विद्यापीठाला परस्पर ऑनलाइन कळवते, आणि मगच नावनोंदणी पूर्ण होते.

बँक खातं: आनमेल्डुंगचा कागद आणि पासपोर्ट. खातं उघडलं की त्याचा आयबीएएन नंबर (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवा, पैसे यायला लागतात.

रेसिडेन्स परमिट: तुमचा व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज जायलाच हवा. अपॉइंटमेंट दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते हे गृहीत धरून पहिल्याच आठवड्यात मागा. व्हिसा संपण्याआधी अर्ज गेला असेल आणि कार्ड आलं नसेल तर मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद देतात. त्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येईल का, हे त्याच कार्यालयात विचारून घेतल्याशिवाय कुठलंही विमान किंवा बस बुक करू नका.

नोकरीची घाई पहिल्या सेमिस्टरला करू नये असं मला वाटतं. करायचीच तर नियम असा: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस.

विद्यापीठात

इथे गुण उलटे चालतात. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. घरी ‘वन पॉइंट थ्री मिळाले’ सांगितल्यावर आईचा आवाज पडला तर हे समजावून द्या. परीक्षेला वेगळी नोंदणी करावी लागते. नुसतं वर्गात बसल्याने नाव परीक्षेत येत नाही; शेवटची तारीख पोर्टलवर पाहून फोनमध्ये गजर लावून ठेवा. वेळेपुढे ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर बरोबर ठोक्याला. ओरिएंटेशनचा आठवडा चुकवू नका, पहिले मित्र तिथेच होतात. फक्त भारतीयांच्या घोळक्यात राहू नका, पण त्यांच्यापासून तुटूही नका.

दुपारचं जेवण मेन्झात करा, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये. विद्यार्थी दरात गरम ताट मिळतं, शाकाहारीही रोज असतं.

घर सांभाळणं

फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. मोहरी-हिंगाचा धूर छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या यंत्राला आगीसारखाच वाटतो, आणि काही वसतिगृहांत ते थेट अग्निशमन दलाला जोडलेलं असतं. दलाची फेरी फुकट गेली तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. खोबरं, मिरची, खसखस भाजून सावजी रस्सा करायचा तर दार बंद, खिडकी सताड, आणि शेजाऱ्याला एक वाटी. त्या वाटीने मैत्री होते हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

खिडकीचा दुसरा उपयोग हिवाळ्यात. बंद खोलीत स्वयंपाक, वाळत घातलेले ओले कपडे, गरम पाण्याची आंघोळ, सगळी वाफ गार भिंतीवर बसते आणि पलंगामागे काळी बुरशी धरते. ती दिसली की डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. उपाय सोपा आहे: सकाळी आणि संध्याकाळी हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची, मग बंद. दिवसभर फट ठेवून हीटर चालू ठेवला तर बिलही वाढतं आणि भिंतही गार राहते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत खिडक्या बंद ठेवून कूलर लावण्याची सवय, त्यामुळे शून्य अंशात खिडकी उघडायची हे पटायला वेळ लागतो.

रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड-भाजी आणून ठेवा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, बहुतेकांमागे २५ सेंट घेतलेले असतात आणि सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकले की परत मिळतात. कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो, खालच्या डब्यांवर काय कशात ते लिहिलेलं असतं. रात्री दहानंतर शांतता, मग कुकरची शिट्टी असो की मित्रांचं हसणं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

आपत्कालीन नंबर पाठ करा: ११२, सगळ्या युरोपात चालतो. जर्मनीत पोलिसांसाठी ११०, आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी ताप चढला पण रुग्णवाहिकेची गरज नाही अशा वेळी डॉक्टरसाठी ११६११७.

घरी फोन कधी करायचा? उन्हाळ्यात नागपूर साडेतीन तास पुढे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलली की साडेचार. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे आईचे साडेबारा. ‘जेवला का रे?’ विचारायला ती जागीच राहते. दुपारी मेन्झातून बाहेर पडताना पाच मिनिटं बोला, तेव्हा तिकडे संध्याकाळचा चहा चालू असतो. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. त्या दिवसांत मन विनाकारण जड होतं, विशेषतः दिवाळी होऊन गेल्यावर. दिवसा अर्धा तास तरी बाहेर चाला, आणि उतरलंच नाही तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जा. अनेक विद्यापीठांत ही सेवा मोफत असते आणि तिथे जाण्यात काहीही कमीपणा नाही.

आता फिरणं

सुरुवात लांबून करू नका. बहुतेक विद्यापीठांत सेमिस्टर तिकीट मिळतं, आणि अनेक ठिकाणी ते सगळ्या जर्मनीत चालणारं डॉइचलांड तिकीटच असतं. त्यावर शहरातली बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. चुकून चढलात तर पूर्ण भाडं पडेल. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. काही शहरांत कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात टोचून घ्यावं लागतं, नाहीतर ते विनातिकीटच धरतात.

पहिली सहल कुठे? माझी शिफारस कोलोन. कारण सोपं: स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की कॅथेड्रल समोर उभं. चौकात उभं राहून मान मागे टाकली तरी टोक नजरेत मावत नाही. काळवंडलेला दगड, १५७ मीटर उंची. काम १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये संपलं. मनोऱ्यावर चढायला ५३३ पायऱ्या आहेत, गोल, अरुंद, वर-खाली जाणारे एकाच जिन्यात. गुडघे ठीक असतील तर चढा, वरून ऱ्हाइन दिसते.

तिथून प्रादेशिक गाडीने अर्ध्या तासात बॉन. बीथोव्हेनचं जन्मघर बघायला सगळेच जातात. दीक्षाभूमीच्या गावातून आलेल्यांनी तिथल्या विद्यापीठापाशीही थांबावं. १९२१ मध्ये बाबासाहेबांनी याच विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. जुन्या राजवाड्यात भरणारं हे विद्यापीठ आणि समोरची मोठी हिरवळ. विद्यार्थी पुस्तकं घेऊन पडलेले असतात. बॅरिस्टरीची, लंडनच्या पदवीची, पुस्तकांची ओढाताण चालू असताना तो माणूस जर्मन शिकून इथे अर्ज करतो, हे त्या हिरवळीवर बसून आठवलं की आपल्या आनमेल्डुंगच्या रांगेबद्दल कुरकुर करवत नाही.

बर्लिनला संसदेच्या काचेच्या घुमटात प्रवेश मोफत आहे, पण आधी ऑनलाइन नाव द्यावं लागतं आणि सोबत पासपोर्ट लागतो. १९६१ ते १९८९ उभी असलेली भिंत आता तुकड्यांत उरली आहे. चित्रं रंगवलेला सव्वा किलोमीटरहून लांब पट्टा स्प्रे नदीकाठी आहे. म्युनिकजवळ डाखाऊ आहे, १९३३ मध्ये सुरू झालेली नाझींची छळछावणी. प्रवेशाला पैसे नाहीत. तिथे एक पूर्ण दिवस द्या आणि त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

डॉइचलांड तिकिटावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंतही जाता येतं. दुसरी सीमा ओलांडायची तर जर्मनीच्या हद्दीतल्या केल नावाच्या गावी उतरून वेगळं तिकीट काढून ट्राम पकडा, ऱ्हाइनचा पूल ओलांडला की फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. तिथलं कॅथेड्रल १६४७ ते १८७४ या काळात जगातली सर्वांत उंच इमारत होतं.

दुसऱ्या देशात जाताना काय लागतं ते नीट वाचा. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा रेसिडेन्स कार्ड असेल तर शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, नवा व्हिसा लागत नाही. पण मूळ पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही अंगावर हवेत, फोनमधला फोटो चालत नाही. सीमेवर तपासणी होतच नाही हा जुना समज आहे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, आणि रात्रीची बस थांबवून पोलीस झोपलेल्यांना उठवतात. स्वस्त विमानात बसणार असाल तर बिगरयुरोपीय प्रवाशाचे कागद गेटवर जाण्याआधी काउंटरवर तपासून घ्यावे लागतात का, ते तिकिटावर बघा. हातातल्या बॅगेची मापंही बघा, सेंटिमीटरवरून पैसे घेतात.

शेंगेन म्हणजे युरो असं नाही. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, झुरिकला फ्रँक. एटीएम ‘युरोत हिशेब करू का?’ विचारतं तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा, नाहीतर यंत्र स्वतःचा महाग दर लावतं. रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्याशी बोलूच नका.

पॅरिसला जाताना रेसिडेन्स कार्ड सोन्यासारखं जपा. तुम्ही २६ वर्षांच्या आतले आणि युरोपात राहणारे असाल तर लूव्र संग्रहालयात प्रवेश मोफत आहे, पुरावा म्हणून हेच कार्ड दाखवायचं. वेळेचं बुकिंग मात्र आधी करा. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. हे कार्ड हातात येण्याआधीच घाईने पॅरिस उरकलं तर ही सवलत वाया जाते, तेव्हा दोन महिने थांबा. आयफेल टॉवरचं तिकीट काढलं नाही तरी चालेल, रात्री नदीच्या पलीकडून तो फुकट आणि जास्त सुंदर दिसतो. माँमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर कुणी मनगटात दोरा बांधायला आलं तर हात खिशात घालून पुढे चला, कुणी सहीसाठी कागद पुढे केला तरी तेच. मेट्रोत बॅग पुढे, फोन आतल्या खिशात. रोम आणि बार्सिलोनातही हीच काळजी.

रोममध्ये कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, ओळखपत्र न्या. ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँकचं घर पाहायचं असेल तर दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं खुली होतात, त्या मंगळवारी सकाळीच लॅपटॉप उघडून बसा.

पाच दिवसांत चार देश, अशा सहली टाळा. दोन-तीन दिवस एकाच शहरात राहा, होस्टेलमध्ये स्वयंपाकघर आहे का बघा, एक वेळ खिचडी करा आणि वाचलेल्या पैशात एकदा तिथलं खरं जेवण जेवा. लांब सुट्टीत रेल्वेने फिरायचं ठरलं तर लक्षात ठेवा, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल पास असतो, एकाच पासवर अनेक देशांतल्या गाड्या. नागपूरहून फिरायला येणारे आई-बाबा मात्र युरेल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठीचा तसाच पास, घेतील. गाडी गंतव्याला एक तास उशिरा पोहोचली तर भाड्याचा पाव हिस्सा परत मागता येतो, दोन तासांहून उशीर झाला तर निम्मा. तिकीट जपून ठेवा आणि मागा, तो तुमचा हक्क आहे.

लंडन शेंगेनमध्ये नाही. त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो आणि तो जर्मनीतूनच अर्ज करून घेता येतो. रेसिडेन्स कार्ड आल्यावरच अर्ज करा. गेलात तर चॉक फार्म मेट्रो स्टेशनवर उतरून किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरापर्यंत चालत जा. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. उघडण्याचे वार आधी तपासा, कारण ती शांत निवासी गल्ली आहे आणि बंद दारापाशी घोळका करून थांबलेलं शेजाऱ्यांना आवडत नाही.